त्वचेआधी डबा तपासा

शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू झाला की स्टेशनरीच्या दुकानांत चंदेरी-सोनेरी रंगांच्या बाटल्या, चमकीच्या पुड्या आणि पोस्टर कलरचे संच भराभर खपू लागतात. त्यातले बरेचसे कागदावर उतरतात, पण थोडे मुलांच्या गालांवर, कपाळावर, कधी अख्ख्या अंगावरही जातात. कुणाला रोबो व्हायचे असते, कुणाला झाड, कुणाला गांधीजींचा पुतळा. महाविद्यालयीन एकांकिकांत हाच उद्योग अधिक धाडसाने चालतो. जखम दाखवायला लेटेक्स आणि टिश्यू पेपर, भाजलेली कातडी दाखवायला जिलेटिन, दाढीसाठी कापूस आणि हाताशी असेल तो गोंद. शिवाय मोबाइलवरच्या चित्रफिती आहेतच. त्यांत कुणी डोळ्यांभोवती वाळकी पाने चिकटवतो, कुणी गालावर मेण ओततो, कुणी डाळी-तांदळाची नक्षी काढतो. या सगळ्या हौसेला एक ठरावीक सल्ला जोडलेला असतो: आधी हातावर थोडे लावून बघा, काही झाले नाही तर बिनधास्त वापरा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. हातावर लावून पाहणे ही तपासणीची शेवटची पायरी झाली. ती वस्तू मुळात कुणाच्या त्वचेवर लावून पाहण्याच्या लायकीची आहे का, हे त्याआधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी डब्यावरचा मजकूर वाचावा लागतो. ही आधीची पायरी आपल्याकडे जवळजवळ सगळेच गाळतात, आणि नुकसान बहुतेक तिथेच होते.

आधी हातावर लावून पाहण्याने काय कळते ते पाहू. या पद्धतीला शास्त्रीय रूप १८९५ साली मिळाले. योसेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने पाऱ्याच्या औषधामुळे पुरळ उठलेल्या रुग्णांच्या त्वचेवर तोच पदार्थ मुद्दाम लावला आणि तेवढ्याच जागी तशीच प्रतिक्रिया उठते हे दाखवून दिले. आजही त्वचारोगतज्ज्ञ याच तत्त्वावर पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थ पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी पट्ट्या काढतात आणि पुढे साधारण ९६ तासांच्या सुमाराला पुन्हा एकदा त्वचा पाहतात. इतकी वाट पाहण्याचे कारण असे, की त्वचेला होणारा त्रास दोन अगदी वेगळ्या जातींचा असतो. पहिला थेट दाह. चुना, आम्ल, उग्र द्रावण कुणाच्याही कातडीला लागले की आग होते, आणि ती लवकरच कळते. दुसरी अ‍ॅलर्जी. तिच्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या पदार्थाची नोंद घेऊन ठेवते. ही पहिली नोंद पक्की व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि त्या काळात वर काहीही दिसत नाही. पुढच्या वेळी तोच पदार्थ लागला की एक-दोन दिवसांत पुरळ, सूज, खाज सुरू होते. आता नाटकाच्या वेळापत्रकाशी हे ताडून पाहा. तालमीत एकदा रंग लावून पाहिला, दुसऱ्या दिवशी त्वचा स्वच्छ होती, सगळे निर्धास्त झाले. पंधरा दिवसांनी रंगीत तालीम झाली आणि प्रयोगाच्या दिवशी नटाचे डोळे सुजून बंद! पहिल्या चाचणीने इथे खोटे सांगितलेले नाही. तिला जो प्रश्न विचारलाच नव्हता, त्याचे उत्तर आपण गृहीत धरले.

मुळात ज्या धोक्यांचा त्वचेच्या लालीशी संबंधच नाही, ते कोणत्याही पॅच टेस्टमध्ये सापडत नाहीत. चित्रपटांच्या इतिहासातले याचे सर्वांत गाजलेले उदाहरण हॉलिवूडच्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चे. १९३८ मध्ये चित्रीकरण सुरू झाले तेव्हा पत्र्याच्या माणसाची भूमिका बडी एब्सन हा नट करत होता. त्याच्या चेहऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमची भुकटी उधळली जात असे. काही दिवसांतच त्याला श्वास घेता येईना आणि रुग्णालयात दाखल करावे लागले, कारण भुकटी फुप्फुसांत गेली होती. भूमिका जॅक हेलीकडे गेली. त्याच्यासाठी भुकटीऐवजी अ‍ॅल्युमिनियमची पेस्ट करण्यात आली, तर त्याच्या डोळ्याला संसर्ग झाला. त्याच चित्रपटात हिरव्या चेटकिणीची भूमिका करणारी मार्गारेट हॅमिल्टन एका दृश्यात भाजली. तिच्या रंगात तांब्याचा अंश असल्याने भाजलेल्या त्वचेवरून तो घाईघाईने खरवडून काढावा लागला. एब्सनच्या हातावर ती भुकटी आठवडाभर लावून ठेवली असती तरी बहुधा काहीच उठले नसते. धोका श्वासातून येणार होता आणि चाचणी कोपरावर झाली असती. आपल्याकडच्या चमकीचेही तसेच आहे. हस्तकलेची चमकी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर देऊन कापलेले धारदार कण. मनगटावर ते निरुपद्रवी असतात. डोळ्यात गेले आणि मुलाने डोळा चोळला की बुबुळावर ओरखडा उमटतो.

काही वस्तू तर चाचणीत निरुपद्रवी ठरतात आणि प्रत्यक्ष वापरात इजा करतात. क्षणात चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद नुसता बोटाला लागला तर कातडी ताणते, एवढेच. पण तोच गोंद कापसावर पडला तर वेगाने घट्ट होताना इतकी उष्णता सोडतो की त्वचा भाजते. आणि खोटी दाढी म्हणजे नेमके गोंद आणि कापूस. प्लास्टर ऑफ पॅरिस महाराष्ट्राला गणेशमूर्तींमुळे चांगलेच परिचित आहे. चेहऱ्याचा किंवा हाताचा साचा घ्यायला ते हौशी कलाकार सर्रास वापरतात. पाण्यात कालवल्यावर घट्ट होताना ते तापते, आणि जितका थर जाड तितकी उष्णता जास्त. इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यात २००७ साली कलेच्या तासाला एका सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने हाताचा साचा काढण्यासाठी प्लास्टरच्या बादलीत हात घातले. प्लास्टर घट्ट झाले, हात निघेनात, आणि भाजून तिची बहुतेक बोटे गमवावी लागली. शाळेला त्याबद्दल न्यायालयात दंड झाला. चिमूटभर प्लास्टर मनगटावर लावून पाहिले असते तर कोमटसुद्धा लागले नसते. वस्तू तीच असूनही मात्रा आणि वापरण्याची रीत बदलली की धोका बदलतो, आणि रुपयाएवढ्या ठिपक्यात हा बदल मावत नाही.

यापुढचा मुद्दा कमी बोलला जातो. काही पदार्थांच्या बाबतीत चाचणी हीच हानीची सुरुवात असू शकते. पॅरा-फिनिलिनडायअमिन, म्हणजे केस काळे करण्याच्या रंगांतला पीपीडी, हा त्यांतला सर्वांत बदनाम. जत्रेत, लग्नात, समुद्रकिनाऱ्यावर काढून मिळणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त तो अनेकदा मिसळलेला असतो. अस्सल मेंदी काळी नसतेच, तिचा रंग तांबूस-तपकिरीच चढतो. पीपीडीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सोबत करते. लहानपणी हातावर काढलेल्या काळ्या नक्षीचा हिशेब मग चाळिशीत केस रंगवताना चुकता होतो. १९३३ मध्ये अमेरिकेत लॅश लूर नावाचा पापण्यांचा रंग बाजारात आला. त्यात याच जातीचा रंग होता. त्याने स्त्रियांचे डोळे गेले, एक स्त्री दगावली. अशाच प्रकरणांनी लोकमत तापले आणि १९३८ मध्ये त्या देशाने सौंदर्यप्रसाधनांनाही कायद्याच्या कक्षेत आणले. गंमत अशी की त्याच कायद्याने पीपीडीसारख्या डांबरजन्य केशरंगांना सवलत दिली. डब्यावर ‘आधी चाचणी करून पाहा’ असा इशारा आणि तशी सूचना छापली की पुरे. तेव्हापासून ‘आधी लावून पाहा’ या वाक्याला एक दुसरा अर्थ चिकटला आहे, तो म्हणजे पुढचे तुमचे तुम्ही बघा. चाचणीचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाचा हेतू असा असतो असे मुळीच नाही. पण वस्तूची जबाबदारी बनवणाऱ्याकडून वापरणाऱ्याच्या कातडीवर सरकवण्याचे काम हे वाक्य फार सहज करते, म्हणून त्याकडे सावधपणे पाहायला हवे.

त्वचेआधी डबा तपासायचा तो याचसाठी. आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या बरीच रुंद आहे. स्वच्छतेसाठी, सौंदर्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी मानवी शरीरावर चोळायला, ओतायला, शिंपडायला, फवारायला बनवलेली वस्तू म्हणजे प्रसाधन. चेहरा रंगवायचा रंग यात सरळ बसतो. अशा वस्तूंत कोणते रंग चालतात याची यादी भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४७०७ या मानकात आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर घटकांची यादी, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचे ती मुदत द्यावी लागते. रंगद्रव्यांतल्या शिशाला आणि आर्सेनिकलाही मर्यादा आहे, दहा लाख भागांत अनुक्रमे वीस आणि दोन भाग. पोस्टर कलर, कापडाचा रंग, भिंतीचा डिस्टेंपर, लाकडावरचा गोंद, मूर्तीवरचा सोनेरी रंग यांपैकी एकही वस्तू या चौकटीत येत नाही. कायद्याची पळवाट शोधून ती बाहेर राहिलेली नाही. बनवणाऱ्याच्या मनात माणसाचा चेहरा कधी नव्हताच. त्यात कोणते जंतुनाशक घातले आहे, कोणते द्रावण आहे, रंगद्रव्यात कोणता धातू आहे, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही आणि तो सांगतही नाही. रंगाच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ असे लिहिलेले असते त्याचा पालक फार आधार घेतात. चित्रकलेच्या साहित्यावर त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की ठरवून दिल्याप्रमाणे चित्रासाठी वापरताना विषबाधेचा धोका नाही. तीन तास घामेजलेल्या गालावर थापून ठेवण्याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. आणि ज्या पदार्थात काय आहे हेच माहीत नाही, त्याची हातावर घेतलेली चाचणी पास झाली तरी नेमके काय पास झाले, हे कुणाला सांगता येणार?

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘आम्ही नैसर्गिकच वापरतो’. निदान मराठी माणसाने तरी हे उत्तर देऊ नये. बिब्बा उतणे म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. बिब्बा शंभर टक्के नैसर्गिक आहे. त्याच्या तेलाचा डाग धुतला तरी जात नाही म्हणून परीट कपड्यांवर खुणा करायला तो वापरत, आणि त्या नुसत्या खुणांनी कपडे घालणाऱ्याच्या अंगावर पुरळ उठल्याच्या नोंदी ब्रिटिश काळापासून आहेत. त्याच कुळातला आंबा. देठाजवळचा चीक ओठाच्या कडेला लागला की काय होते, हे प्रत्येक कोकणी घराला माहीत असते. लिंबाचा रस लावून उन्हात गेले की रसातल्या द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. सावलीत घेतलेल्या चाचणीत हे दिसणार नाही. मोहरी, दालचिनीची पूड, खाण्याचा सोडा या गोष्टी स्वयंपाकघरातल्या आहेत म्हणून निरुपद्रवी वाटतात. खाण्यासाठी सुरक्षित आणि त्वचेवर तासन्‌तास ठेवण्यासाठी सुरक्षित, या दोन अगदी वेगळ्या कसोट्या आहेत. हळदीला अल्कली लावून केलेले कुंकू आणि बाजारातले रासायनिक रंगाचे कुंकू दिसायला सारखेच लाल, नावही एकच. पण दुसऱ्यामुळे कपाळावर काळपट डाग पडल्याची प्रकरणे त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत भरपूर सापडतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक चेहरे रंगवत आले, कुठे काय झाले? सिंधुदुर्गातला दशावतारी नट आजही स्वतःची रंगभूषा स्वतःच करतो. वर्षाचे कित्येक महिने रात्रीमागून रात्री रंग लावतो आणि पहाटे उतरवतो. त्याच्या हातातली जाण नाकारण्याचा उद्धटपणा कुणी करू नये. त्याला कुठला रंग चावतो, कुठला नाही, हे अनुभवाने कळलेले असते. पण परंपरा जुनी आहे म्हणून तिच्यातले साहित्य निर्दोष होते असे निघत नाही. जुन्या रंगांच्या पेटीतला हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग, हरताळ म्हणजे आर्सेनिकचे, आणि सफेदा कधी जस्ताचा तर कधी शिशाचा. कथकलीच्या चेहऱ्यावरचा पिवळा आणि लाल परंपरेने हरताळ आणि हिंगुळापासूनच येत. या धातूंचा परिणाम गालावर पुरळ म्हणून उठत नाही. तो पोटातून, श्वासातून, वर्षानुवर्षांच्या साठ्यातून होतो आणि तेव्हा कुणी त्याचा संबंध रंगाशी लावत नाही. त्यामुळे ‘काही झाले नाही’ या वाक्याचा खरा अर्थ अनेकदा ‘कुणी मोजले नाही’ एवढाच असतो. टिकलीचेच पाहा. आपल्याकडे टिकलीएवढी निरुपद्रवी वस्तू दुसरी कोणती वाटते? तरी टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी ब्यूटिलफिनॉल या रसायनाने कपाळावर कोडासारखा पांढरा डाग पडतो, हे भारतीय डॉक्टरांनीच शोधून काढले. हा डाग एका दिवसात पडत नाही. महिनोन्‌महिने त्याच जागी टिकली लावल्यावर पडतो, आणि त्याआधी खाज किंवा लाली आलेली असेलच असे नाही. रोजच्या सवयीने आलेला विश्वास इथे किती कामाला आला?

लेटेक्सबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण महाविद्यालयीन रंगभूषेत आता त्याचेच राज्य आहे. द्रवरूप लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, घट्ट होऊ नये म्हणून त्यात सहसा अमोनिया घातलेला असतो. उघडल्याबरोबर नाकात जातो तो हाच वास. अमोनिया डोळ्यांना झोंबतो, बंद खोलीत तर फारच. पण खरी भीती लेटेक्समधल्या प्रथिनांची. त्यांची अ‍ॅलर्जी ज्याला आहे त्याला दोन दिवस थांबावे लागत नाही. काही मिनिटांत गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, आणि क्वचित जिवावर बेतते. १९८० च्या दशकात एड्सच्या भीतीने रुग्णालयांत रबरी हातमोज्यांचा वापर अफाट वाढला. त्यानंतर परिचारिका आणि डॉक्टरांमध्येच ही अ‍ॅलर्जी मोठ्या प्रमाणावर दिसू लागली, आणि पुढे अमेरिकेने पावडर लावलेल्या हातमोज्यांवर बंदीच घातली. अशा माणसाच्या हातावर लेटेक्सचा थेंब ‘बघू काय होते’ म्हणून टाकणे हा प्रयोग नव्हे, अविचार आहे. इथे कातडीपेक्षा प्रश्न अधिक उपयोगी पडतात. फुगा फुगवताना ओठ सुजतात का? रबरी मोजे घातले की हात खाजतात का? केळे, किवी किंवा अ‍ॅव्होकॅडो खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते का? या फळांतली प्रथिने लेटेक्समधल्या प्रथिनांशी मिळतीजुळती आहेत. एका जरी प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तर लेटेक्स बाजूला ठेवून सिलिकोन किंवा जिलेटिन वापरावे. या चौकशीला दोन मिनिटे लागतात आणि एक पैसाही लागत नाही. एकांकिकेच्या गटात रंगभूषा सांभाळणाऱ्या मुलाने किंवा मुलीने हे विचारणे हा त्याच्या कामाचा भाग आहे, जसा ब्रश धुणे हा आहे.

म्हणजे हातावरची चाचणी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. वस्तू डब्याच्या कसोटीला उतरल्यावर तिचे खरे काम सुरू होते. वस्तू त्वचेसाठी बनवलेली आहे, घटक माहीत आहेत, त्यात ज्ञात उग्र पदार्थ नाही, मुदत संपलेली नाही, एवढे ठरले की मग प्रश्न उरतो तो या विशिष्ट माणसाच्या त्वचेचा. कारण चांगल्यात चांगले प्रसाधनही कुणाला तरी चालत नाही. अमेरिकेत २००९ साली खास मुलांचे चेहरे रंगवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या रंगांनी पुरळ आणि सूज आली, आणि तपासात त्या रंगांत जंतूंची वाढ सापडली. डब्यावर सगळे ठीक असूनही आतले बिघडलेले असू शकते. म्हणून चाचणी ज्याला रंग लागणार त्याच्याच त्वचेवर, आणि जो डबा वापरायचा त्याच डब्यातून व्हावी. मैत्रिणीच्या हाताला काही झाले नाही याला काडीचीही किंमत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सलग सात ते दहा दिवस लावून पाहणे, ही त्वचारोगतज्ज्ञांनी सुचवलेली घरगुती रीत आहे. प्रयोगात रंग चार तास राहणार असेल तर चाचणीतही तो तेवढा वेळ ठेवावा. सोबत जो गोंद आणि रंग काढायला जे तेल वापरायचे, तेही त्याच जागी वापरून पाहावे, कारण कित्येकदा रंग निर्दोष ठरतो आणि तो घासून काढण्यासाठी वापरलेले रॉकेल किंवा टर्पेंटाइन त्वचा सोलून काढते. डोळ्यांच्या पापण्यांची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ. कोपरावर पास झालेला रंग म्हणून तिथे आपोआप पास होत नाही. डोळ्यांभोवती लावू नये असे डब्यावर लिहिलेले असेल तर तिथे वाद नको. लाली, खाज, आग, फोड यांपैकी काहीही दिसले तर ती वस्तू त्या माणसापुरती बाद. ‘थोडीशीच लाली आहे, प्रयोगापुरते चालवून घेऊ’ ही तडजोड चेहऱ्यावर महाग पडते.

पैशांचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. चांगल्या प्रतीचे पाण्यात विरघळणारे फेस पेंट पोस्टर कलरच्या कितीतरी पट महाग असतात. तालुक्याच्या शाळेतल्या वीस मुलांच्या नाचासाठी ते कुणी घ्यायचे? यावर माझे उत्तर असे की प्रश्न रंगाच्या किमतीचा असण्याआधी तो रंग चेहऱ्यावरच का हवा, याचा आहे. सोनेरी रंग मुखवट्याला द्या, मुकुटाला द्या, पुठ्ठ्याच्या चिलखताला द्या. पाने आणि चमकी कपड्यावर शिवा, किंवा पातळ मलमलीच्या पट्टीवर चिकटवून ती पट्टी बांधा. अख्ख्या अंगाला चंदेरी रंग फासण्यापेक्षा चंदेरी कापडाचा सदरा आणि गालावर दोन ठिपके, एवढ्यावर रोबो ओळखू येतो. कमी रंगात जास्त दिसणे हीच रंगभूषेची खरी कारागिरी नाही का? हॉलिवूडच्या लॉन चेनी किंवा जॅक पियर्स या रंगभूषाकारांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी कोलोडियन हे सुकून पापुद्रा होणारे द्रावण आणि कापूस यांनी अद्भुत चेहरे उभे केले हे खरे. पण त्यांच्यानंतरची पिढी फोम लेटेक्स आणि पुढे सिलिकोनकडे वळली, आणि त्यामुळे कल्पकता खुंटली असे कुणी म्हणत नाही. उलट चेहऱ्याची हालचाल अधिक मोकळी झाली.

लहान मुलांच्या बाबतीत तर्क आणखी कडक हवा. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असते, त्यामुळे त्वचेतून शोषले जाणारे द्रव्य त्यांच्या शरीरात अधिक प्रमाणात पसरते. अ‍ॅनिलिन जातीचे रंग त्वचेतून रक्तात जाऊन ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती कमी करतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. दुपट्यांवर मारलेल्या शाईच्या शिक्क्यांमुळे तान्ही मुले निळी पडल्याची नोंद तेव्हाची आहे. २०१२ च्या होळीत धारावीतली शंभरहून अधिक मुले रंग खेळून आजारी पडली, त्यांना शीवच्या रुग्णालयात न्यावे लागले आणि एक मुलगा दगावला. होळी आणि स्नेहसंमेलन एक नव्हे, हे मान्य. पण डब्यात काय आहे हे कुणाला माहीत नव्हते, हा दुवा दोन्हीकडे सारखाच आहे. शिवाय मोठा नट त्रास होऊ लागला तर सांगू शकतो, रंग पुसू शकतो. पहिलीतले मूल बाईंनी सांगितले म्हणून रांगेत उभे राहते आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत बोलत नाही. त्याने होकार दिलेला नसतो, आपण गृहीत धरलेला असतो.

म्हणून मागणी साधी आहे. स्नेहसंमेलनाच्या सूचनापत्रात शाळा पोशाखाचा रंग, वेळ, डबा, पाण्याची बाटली सगळे लिहितात. त्यात दोन ओळी वाढवाव्यात: चेहऱ्यावर काय लावले जाणार आहे आणि त्याचे घटक कोणते. पालकांना ते किमान दहा दिवस आधी कळावे, म्हणजे कोपरावर लावून पाहायला वेळ राहील. हौशी राज्य नाट्य स्पर्धेत आणि महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत रंगभूषेला बक्षीस असते. तिथे परीक्षकांना वापरलेल्या साहित्याची यादी देणे सक्तीचे करावे आणि त्वचेसाठी न बनवलेली वस्तू थेट चेहऱ्यावर लावली असेल तर गुण कापावेत. नियम एका वर्षात सगळीकडे पाळला जाणार नाही. पण बक्षिसाचा प्रश्न आला की मुले डबा वाचायला लागतील. अन्न व औषध प्रशासनाने हंगामाआधी घाऊक बाजारातल्या चेहऱ्याच्या रंगांचे नमुने तपासून निकाल जाहीर केले तर दुकानदारही सावध होतील. आणि पालकांना एवढेच सांगायचे आहे: डब्यावर घटकांची यादी नसेल तर तो रंग मुलाच्या चेहऱ्याला लावू देऊ नका, आणि तसे शाळेला आधीच लिहून कळवा.